पश्चिम दरवाज्याचा नाईक

कोपनहेगन, मंगळवार, ९ ऑक्टोबर १६६०

बोएलताई,

दोन वर्षं झाली, मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही लिहिलं नाहीस. पण तुला पाद्रीबाबांकडून लिहवून घ्यावं लागतं, आणि मला लिहिता येतं, तेव्हा दोष माझ्याकडेच जास्त.

कारीन वारली, माझा संसार मोडला, तेव्हा तू आली नाहीस. शहराला स्वीडिश फौजेचा वेढा होता, तू येऊच शकत नव्हतीस, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आम्ही आत घोड्याचं मांस शिजवत होतो आणि तू बाहेर, सरदारांच्या वाड्यात, त्याच स्वीडिश अधिकाऱ्यांना ताटं वाढत होतीस, हेही कळत होतं. यावर आता मला भांडायचं नाही. नुसतं सांगतोय.

लिहायचं कारण म्हणजे शनिवारी चौकात तुझे सरदार ओव्हे भेटले. सरदार, पाद्री आणि शहरवाल्यांच्या राज्यसभेसाठी सगळेच सरदार शहरात आहेत. मी टोपी काढली. ते पुढे गेले, मग वळले.

"बोएलचा भाऊ ना तू? हातमोजेवाला?"

"होय सरकार. व्हिलुम."

"तुझ्या बहिणीचे गुडघे फार दुखतात हल्ली. लिहीत जा तिला." आणि गेले. एवढंच. पण मला ते बोचलं. तुझे गुडघे दुखतात हे मला दुसऱ्याकडून कळावं.

माझं बरं चाललंय. दुकान पुन्हा उघडलं आहे. शहराच्या पलटणीत मला नाईक केलंय आणि पश्चिम दरवाजा माझ्याकडे आहे. इकडे सध्या करावरून भांडण पेटलंय. लढाईनं तिजोरी रिकामी झाली, ती भरायची सगळ्यांनी, असं आम्ही शहरवाले आणि पाद्री म्हणतो. सरदार म्हणतात, आमच्या वंशानं कधी कर दिलेला नाही. काल आमच्या लोकांनी एक कागद पुढे केला: यापुढे राजगादी वंशपरंपरेनं चालावी. म्हणजे सरदारांनी राजा निवडायचा आणि गादीवर बसवण्याआधी त्याच्याकडून करारनामा लिहून घेऊन त्याचे हात बांधायचे, हे बंद. सरदारांनी कागद वाचला आणि परत दिला. तुमच्या वाड्यात याबद्दल वेगळं बोलत असतील.

गुडघ्यांना हंसाची चरबी चोळ.

तुझा भाऊ,
व्हिलुम

•

गुरुवार, ११ ऑक्टोबर

ताई,

मंगळवारचं पत्र अजून माझ्याकडेच आहे आणि हेही आज जाणार नाही. दरवाजा बंद आहे, आणि तो बंद ठेवणारा मीच.

काल दुपारी हुकूम आला. शहर धोक्यात आहे असं समजून पहारा ठेवायचा. किल्लेदार आणि नगराध्यक्ष या दोघांच्या सहीचा पास असल्याशिवाय एक माणूस बाहेर सोडायचा नाही. बंदरातल्या होड्यासुद्धा किनाऱ्यापासून दूर नेऊन साखळीनं बांधल्यात. पहाऱ्यावर दुप्पट माणसं. वेढ्याच्या दिवसांत होतं अगदी तसं. फरक एवढाच की तेव्हा बाहेर शत्रू होता. आज बाहेर कोबी घेऊन आलेल्या बायका आहेत.

त्यातली एक मला म्हणाली, "कोबी आत येईल का?"

"कोबी येईल."

"आणि मी?"

"तूही येशील. पण मग परत जाता यायचं नाही."

"मग माझ्या गाईची धार कोण काढणार? तू?" आणि तिनं एकेक कोबी आमच्या अंगावर फेकायला सुरुवात केली. पैसे तिला भिंतीवरून टाकले. दोन नाणी खंदकात पडली, त्यावरून तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या.

आमचे कप्तान योखुम, ते दारूच्या भट्टीवाले, उजाडताच फेरीवर आले होते. मी विचारलं, "कप्तान, धोका नक्की कुणाचा?"

ते म्हणाले, "धोका असा, की सरदार घोड्यावर बसले आणि आपापल्या गावी गेले, तर सभा मोडली. सभा मोडली की कर पुन्हा तुझ्या-माझ्या बोकांडी. त्यांना इथेच बसवून ठेवायचं. बसून बसून माणूस शहाणा होतो."

"आणि राजे काय म्हणतात?"

"राजे काहीच म्हणत नाहीत. त्यांना म्हणायची गरज नाही."

सगळे म्हणतात, दोन-चार दिवसांत निकाल लागेल. गादीचं ठरलं की राजे सर्वांना विचारून नवे नियम करतील, त्यात आम्हा शहरवाल्यांनाही जागा असेल. वेढ्यात भिंतीवर आम्ही उभे होतो. सरदारांपैकी किती होते ते बोटांवर मोजता येतील. तुला हे आवडणार नाही, पण खरं आहे.

दिवसभरात आणखी काही विशेष झालं नाही.

व्हिलुम

•

शनिवार, १३ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आज सकाळी सरदार ओव्हेंना मिळालं. मेटे बाईसाहेबांना आठ दिवस ताप आहे, श्वास लागतो, आणि त्या सारखं त्यांनाच विचारतात, असं तू लिहवून घेतलंस ना? मला हे त्यांच्याचकडून कळलं.

ते दुपारी दरवाज्यावर आले. चालत, डोक्यावर टोपी नाही. माझ्या माणसांनी भाले आडवे धरले.

"नाईक, माझी बायको मरतेय."

"पास आहे का सरकार?"

"पास आणायला वेळ कुठाय? हे बघ, तुझ्या बहिणीचं पत्र. तुझ्या स्वतःच्या बहिणीचं."

"मला पास लागेल, सरकार."

ते शिवी देतील असं वाटलं. पण ते फक्त म्हणाले, "बोएल म्हणते की तू लहानपणी फार हट्टी होतास," आणि किल्ल्याच्या दिशेनं गेले.

मी हुकूम पाळला. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

संध्याकाळी बातमी आली की सरदार वाकले. गादी वंशपरंपरेची झाली. कप्तान योखुमनी पहाऱ्यावरच्या सगळ्यांना स्वतःच्या भट्टीची बिअर पाजली. मीही प्यालो.

सोमवार, १५ ऑक्टोबर, त्याच कागदावर: काल रविवार असल्यानं कचेरी बंद होती. सरदारांना पास आज पहाटे मिळाला. बाहेर पडताना ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "बहिणीला काही द्यायचंय का?" तिन्ही पत्रं त्यांच्याच हाती देतोय. ते तुझ्यापर्यंत उद्या रात्रीपर्यंत पोचतील. बाईसाहेबांना आराम पडो.

व्हिलुम

•

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

ताई,

काल किल्ल्यासमोर सगळ्यांनी राजांना वारसाहक्कानं राजा मानून शपथ घेतली. मोठा मंच उभारला होता, त्यावर लाल कापड. आधी सरदार, मग पाद्री, मग आम्ही. शेतकऱ्यांनाही उभं केलं होतं. परवा तो जुना करारनामा राजांना परत दिला. त्याच्यावर रेघ मारलीय म्हणतात. मी कोपऱ्यात पलटणीबरोबर होतो. वारा बोचरा होता. दोन तास उभा होतो, बोटं गारठली. हातमोजेवाल्याची बोटं गारठावीत याचं बाकीच्यांना हसू आलं.

दरवाजे उघडलेत. मला हवालदार करणार आहेत, दरवाज्यावर चोख राहिल्याबद्दल.

तुझ्याकडून काहीच कळलं नाही. बाईसाहेब कशा आहेत?

व्हिलुम

•

शनिवार, १० नोव्हेंबर

ताई,

पाद्रीबाबांच्या अक्षरातलं तुझं पत्र मिळालं. बाईसाहेब रविवारी, चौदा तारखेला दुपारी गेल्या. सरदार मंगळवारी पोचले, तेव्हा बाईसाहेबांना चर्चमध्ये ठेवलेलं होतं. त्या शेवटपर्यंत विचारत होत्या, आणि तू शेवटपर्यंत "निघालेत, वाटेत असतील" असं सांगत होतीस, असं तू लिहिलंस.

त्याखाली, जणू दुसरीच काही बातमी असावी तसं, तू लिहिलंस की तबेल्यातल्या सेव्हरिनला काढून टाकलं. तुझं पत्र घेऊन तोच निघाला होता. तो दोन दिवस दरवाज्याबाहेरच्या खानावळीत पीत बसला आणि पत्र शनिवारी दिलं, असं सगळ्यांनी ठरवलं. सरदार परतताना तो त्यांना तिथेच सापडला, बिअरच्या वासासकट. तो शपथेवर म्हणत राहिला की पत्र गुरुवारी सकाळी नाईकाच्या हाती दिलं. तू लिहिलंस: "मी त्याला म्हटलं, माझ्या भावानं स्वतः लिहिलंय की पत्र शनिवारी मिळालं. माझा भाऊ कसाही असला तरी खोटं बोलत नाही." तीस वर्षं त्या तबेल्यात काढलेला माणूस.

ताई, सेव्हरिन खरं सांगत होता.

गुरुवारी, त्या कोबीवालीनंतर थोड्याच वेळानं तो आला. घोडा फेसाळलेला. त्यानं मला ओळखलं. लहानपणी त्यानंच मला तुमच्या तबेल्यात घोड्यावर बसवलं होतं. म्हणाला, "बरं झालं तू भेटलास व्हिलुम. हे सरदारांना दे, आत्ताच्या आत्ता." त्याला आत घेता येत नव्हतं असं नाही. पण मी म्हटलं, "आत आलास तर अडकशील. खानावळीत थांब, उत्तर आलं की मी पाठवतो." म्हणून तो थांबला. उत्तर येईपर्यंत खानावळीत माणूस काय करणार?

बाहेरून आलेली पत्रं वाचायचा हुकूम होता. वाचून पुढे पाठवायची, हाही हुकूम होता. मी वाचलं. मग घडी घालून कोटाच्या आत ठेवलं.

त्या वेळी मी काय विचार केला ते लिहायचा प्रयत्न करतो. मी कप्तानांचं बोलणं ऐकलं होतं. मला वाटलं, हे पत्र हाती पडलं तर हे सरदार काहीही करून निसटतील, लाच देतील, होडी मिळवतील. एक गेला की दुसरे जातील. मग सगळं फसेल. दुसरा विचार असा होता की हे तुझं पत्र आहे. कुणीतरी मरतंय म्हणून तू धावत माणूस पाठवलास. कारीन मरत होती तेव्हा माझ्यासाठी कुणीच कुणाला पाठवू शकलं नव्हतं. मला वाटलं, यांनाही कळू दे, दरवाजा बंद असतो म्हणजे काय ते. हा दुसरा विचार पहिल्याच्या मागे नव्हता. पुढे होता.

शुक्रवारभर ते माझ्या अंगावर होतं. दोनदा मी ते द्यायला निघालो आणि परत आलो. शनिवारी सकाळी एका शिपायाहाती त्यांच्याकडे पाठवलं. कुणी विचारलंही नाही की कधी आलं. तुला पत्र लिहिताना मी "आज सकाळी मिळालं" असं लिहिलं. शब्दाला शब्द लावला तर ते खोटं नाही. मी ते तसं मुद्दाम लिहिलं, आणि ते सरदारांच्याच हातून पाठवलं. गुरुवारचं "आणखी काही विशेष झालं नाही" आणि शनिवारचं "त्यांच्याचकडून कळलं", ही दोन्ही वाक्यं मात्र सरळ खोटी होती.

हे पत्र तू सरदारांना वाचायला दे. पाद्रीबाबांनी तुला वाचून दाखवलं असेल तर त्यांनाही कळलंच आहे. सेव्हरिनला परत घ्या.

व्हिलुम

•

शुक्रवार, ११ जानेवारी १६६१

ताई,

दोन महिने झाले, तुझं उत्तर नाही. मी वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही.

काल सरदार ओव्हे शहरात आले. मी दरवाज्यावर होतो, हवालदार झालोय. त्यांना पाहिल्यावर मी पुढे झालो आणि म्हटलं, "सरकार, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "नोव्हेंबरात बोएलनं तुझं पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं. सूप वाढलं आणि आत निघून गेली." ते घोड्यावरून उतरले. पहाऱ्याच्या खोलीत आले आणि शेकोटीपाशी बसले. माझी माणसं आपसूक बाहेर गेली. मी उभाच होतो.

"बस," ते म्हणाले. मी बसलो नाही.

"मी एक विचारतो. गुरुवारी पत्र देऊन तू मला दरवाज्यातून सोडलं असतंस?"

"नाही सरकार."

"मग पास मागायला मला किल्ल्यातच जावं लागलं असतं. बरोबर?"

"होय."

"शुक्रवारी काय झालं तुला माहीत नाही. सरदारांच्या बैठकीत मी तासभर बोललो. म्हटलं, दरवाजे लावून घेतलेला होकार हा होकार नव्हे. आपण बसून राहू, महिना लागला तरी. बरेच जण माझ्या बाजूला आले. शुक्रवार माझ्यामुळे फुकट गेला." ते हात शेकत होते. "गुरुवारी ते पत्र माझ्या हाती असतं, तर मी गुरुवारीच किल्ल्यात गेलो असतो आणि पासाच्या बदल्यात त्यांनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही केली असती. राजगादीवर, करावर, माझ्या गढीवर. माझ्यामागे बाकीचे आले असते. तुमचं काम दोन दिवस आधी झालं असतं, व्हिलुम. आणि मी शनिवारी घरी असतो."

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते हिशेब समजावून सांगावा तसं सांगत होते.

"तू वाईट वागलास, आणि त्याचा तुझ्या बाजूलासुद्धा उपयोग झाला नाही," असं म्हणून ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "सेव्हरिनला मी स्वतः बोलवायला गेलो होतो. तो येत नाही."

ते इथे आलेत ते सही करायला. नवा कागद निघालाय, तो सगळ्यांकडून सही करून घेताहेत. सरदारांची प्रत वेगळी, पाद्र्यांची वेगळी, आमची वेगळी. आज आमच्या हातमोजेवाल्यांच्या वतीनं म्हातारे क्लेमेंट सही करायला गेले. त्यांना दिसत नाही, म्हणून वाचायला मी बरोबर गेलो. मी सगळं वाचून दाखवलं: राजांना राज्याचे सर्व अधिकार, कायमचे, त्यांच्या वंशाला, मुलगा असो की मुलगी, आधीची सगळी वचनं रद्द.

क्लेमेंट म्हणाले, "आणि आपल्या जागेचं? सभेत आपल्याला विचारणार होते ते?"

"ते यात नाही."

"मग त्याचा दुसरा कागद असेल."

मी कारकुनाकडे पाहिलं. त्यानं शाई सुकवायच्या वाळूची डबी उचलली आणि म्हणाला, "सही इथे. दुसरा कागद नाही."

"मग राज्यसभा पुन्हा कधी बसणार?"

"आजोबा, मागे रांग आहे."

क्लेमेंटनी मला विचारलं, "काय करू रे?" वेढ्यात यांचे दोन मुलगे भिंतीवर गेले. मी त्यांचा हात धरून जागेवर ठेवला, आणि त्यांनी सही केली. शेजारच्या खोलीतून सरदार ओव्हे बाहेर येत होते. त्यांच्या बोटांना शाई होती. आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं. ते किंचित मान हलवून गेले. आमची सभा आणि त्यांचा करारनामा, दोन्ही एकाच दालनात संपले, आणि बाहेर चौकात एक बाई वाफाळते वाटाणे विकत होती.

मी पलटणीतून नाव काढून घेतोय. कप्तान योखुम म्हणाले, "वेडा आहेस का? हवालदाराला आता पगार मिळणार." पण दरवाज्यावर उभं राहिलं की घोडा फेसाळलेला दिसतो.

तू लिहिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन. नको असेल तर तसं कळव.

व्हिलुम

•

एस्केरुप, २ फेब्रुवारी १६६१

व्हिलुम,

हे पाद्रीबाबा लिहिताहेत. मी सांगेन तसंच लिहा, गोड करू नका, असं मी त्यांना बजावलंय.

तुझी सगळी पत्रं पोचली. नोव्हेंबरचं पत्र मी त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा मला वाटलं, ते चुकीचं वाचताहेत.

तुझं ऐकून मी सेव्हरिनला सर्वांसमोर खोटारडा म्हटलं. ते तोंड माझं होतं. तू गुन्हेगार आहेस ते आहेसच, पण मी तुझ्यावर विश्वास ठेवला तो सेव्हरिनला ओळखत असून. तीस वर्षांत तो माझ्याशी एकदाही खोटं बोलला नाही. तू लहानपणी रोज बोलायचास.

बाईसाहेबांना मी पाच दिवस खोटंच सांगत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "बोएल, पुरे आता." हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तू एवढं सगळं लिहिलंस म्हणून सांगतेय.

माझ्या ताटांबद्दल तू जे लिहिलंस तेही ऐकलं. स्वीडिश अधिकाऱ्यांना मी वाढलं, कारण वाढलं नसतं तर त्यांनी गाव जाळलं असतं. पलीकडचं गाव जाळलंच. हे तुला कधीतरी समोर बसवून सांगायचं होतं.

सेव्हरिन मुलीकडे राहतो, खाडीकाठच्या गावात. जाळी दुरुस्त करतो. सरदार गेले, मी गेले, पाद्रीबाबा गेले. त्यानं सगळ्यांना बसायला दिलं, बिअर दिली आणि नाही म्हणाला. मला म्हणाला, "पत्र मी ज्याच्या हातात दिलं, त्यानं येऊन सांगावं. बाकीच्यांनी सांगून काय होणार?"

तेव्हा तू ये. रस्ते सुकायची वाट बघू नकोस. तो सत्तरीचा आहे. एक दिवस माझ्याकडे थांब, मग त्याच्याकडे जाऊ. बूट चांगले घालून ये. रोस्किल्डच्या पुढे सगळा चिखल आहे, आणि मी तुला न्यायला गाडी पाठवणार नाही.

बोएल